साऱ्या गावाची एक आयडी

माझं ऑपरेशन पोटाचं नव्हतं, छातीचं होतं. आता साऱ्या गावाले माहीत आहे, तर तुमाले सांगाले माझं काय जाते. पण तेव्हा मी गावात पित्ताची थैली काढली म्हणून सांगतलं होतं. नागपूरच्या डॉक्टरनं डाव्या बाजूची गाठ काढली आणि गाठीसंग सारंच काढून टाकलं. हे मले, रीनाच्या बाबाले आणि रीनाले, एवढ्याच जणायले माहीत होतं. रीना आमची पोरगी, देवरीले देली आहे. कोणती गोष्ट पोटात ठेवाची आणि कोणती बोरिंगवर पाणी भरता भरता सांगाची, एवढी अक्कल मले होती.

घरी आल्यावर टाके पिकले. आमचं गाव चोरखमाऱ्याच्या नहराले लागून. नागपूर काही उशाशी नाही की उठलं आणि गेलं. दवाखान्यातला माणूस फोनवर म्हणे, येण्याची गरज नाही, फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवा, डॉक्टरसाहेब पाहून औषध सांगतील. मंग रीनाच्या बाबानं मले सांदवाडीत, घरामागच्या उजेडात, पाट टाकून बसवलं. त्या माणसाले फोटो काढता येते, पण कुठून कुठवर काढाचा ते समजत नाही. लग्नातल्या नवरीचा काढावा तसा डोक्यापासून कमरेपर्यंत पुरा काढला, चेहऱ्यासकट. मी म्हटलंच, "तोंड कायले घेतलं जी?" तर म्हणे, "मंग डॉक्टरले कसं समजन, कोणाचं आहे ते?" मले बी ते पटलं. डॉक्टरनं गोळ्या सांगतल्या, टाके सुकले. गोष्ट तिथेच संपली असं आम्हाले वाटलं.

आता भैयाजीचं सांगते, कारण सारी गडबड तिथून झाली. तिरोड्यात भैयाजीचं मोबाईलचं दुकान आहे. आमच्या गावात कोणी बी फोन घेतला तर त्याच्याचकडून घेत असे, कारण तो डब्यातून काढून, पुरा चालू करून हाती देत असे. सिम टाकली की बोटानं टकटक करून काही तरी भरायचा. रीनाच्या बाबाले बी म्हणे, "बिना आयडी के फोन चालू नहीं होता, खुशालभाऊ. ये मेरी तरफ से डाल के देता हूँ." रीनाच्या बाबाले वाटलं, भला माणूस आहे. भला आहेच तो, मी नाही म्हणत नाही. पण तो साऱ्यायच्या फोनमध्ये एकच आयडी टाकत होता, आपल्या दुकानाची. एकेका गिऱ्हाइकाची नवी आयडी कराची म्हटलं तर वेळ लागे, नाव विचारा, जन्मतारीख विचारा, आणि आमच्याकडच्या म्हाताऱ्यायले जन्मतारीख कोण सांगन. म्हणून एकच. बौद्ध मोहल्ला असो की पवार मोहल्ला, साऱ्या गावाची एक आयडी.

आम्हाले त्यातलं काही समजत नव्हतं. फोन घरी आणला तर त्यात आधीपासूनच ढीगभर नंबर. रीनाच्या बाबाले वाटलं, फोनसंग नंबर बी भेटते. एक दिवस "मामा" नाव दिसलं म्हणून त्यायनं आपल्या मामाले फोन लावला, तर कोणा तिसऱ्याचाच मामा निघाला आणि त्याच्यासंग बसून अर्धा घंटा धानाच्या गोष्टी केल्या. आम्ही लगित हासलो. मंग फुकटचं नेट आलं, आणि फोनात लोकायचे फोटो बी दिसाले लागले. कोणाच्या पोराचं बारसं, कोणाची नवी गाडी, कोणाचे बैल. आम्ही म्हणत होतो, नेटवरून येते. पाऊस येते तसे येतात, आपण काय करणार, असं धरून चाललो. आणि जे आपल्या फोनमध्ये दिसते ते आपल्या फोनमध्येच आहे, असं सारं गाव समजत होतं.

त्यातच टिकेशचे फोटो आले. टिकेश म्हणजे दुलारीबाईचा लहाना पोरगा. दुलारीबाई पवार मोहल्ल्यातली, धानाच्या बांध्या, म्हणजे शेती, असलेली बाई. तिच्या बांधीत रोवण्याले मी लग्न होऊन आली तेव्हापासून जाते. मोठ्या घरची असून बी स्वतः चिखलात उतरून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावणारी, आणि चहा पाजताना आमच्यासंग बांधीच्या धुऱ्यावर बसून पिणारी. टिकेशची गाडी गोंदियाच्या सडकेवर टिप्परखाली गेली. पोरगा जागीच गेला, आणि खिशातल्या फोनचा भुगा झाला. दुलारीबाई वर्षभर कोणासंग धड बोलली नाही. मंग एक दिवस तिच्या फोनमध्ये टिकेशचे फोटो दिसाले लागले. लोक म्हणे, पाह्य, पोरानं मायच्या फोनमध्ये ठेवून देले होते. तिले बी तसंच वाटलं.

त्यात एक व्हिडिओ होता. रोवण्याच्या दिवसातला. दुलारीबाई बांधीत उभी, हातात पऱ्ह्याची पेंडी, आणि टिकेश धुऱ्यावरून तिले पवारी बोलीत चिडवून राहिला, की माय, हास ना थोडीशी, फोटो काढून राहिलो. तिले वाटते फोटोच आहे, म्हणून ती हालत नाही, डोळे बी मिटत नाही, तशीच काठीवानी उभी राहते. आणि तो हासते. दिसत नाही तो, नुसतं हासणं ऐकू येते. मागे मी बी आहे त्यात, वाकून पऱ्हे लावून राहिली, तेव्हाची धडधाकट. दुलारीबाई रोज दुपारी जेवण झालं की ओसरीत बसून तो व्हिडिओ लावायची. भिंतीवर टिकेशचा हार घातलेला फोटो आहे, पण तो दहावीच्या फॉर्मवरचा मोठा केलेला. ती म्हणायची, "त्याच्यात तो मुका आहे वो दुर्गा. ह्याच्यात बोलते."

आता माझ्या फोटोचं. आमच्या बचत गटाची बैठक होती समाज मंदिरात. सोनिका, म्हणजे दुलारीबाईची मोठी सून, आमच्या गटाची सचिव आहे. बैठक सुटल्यावर चपला घालता घालता ती मले हळूच म्हणे, "काकू, सुकले काय जी टाके आता?"

"कोणते टाके?" मी म्हटलं. "पोटाचे कधीचेच सुकले."

तिनं आजूबाजूले पाहिलं. मंग म्हणे, "मले वाटलं, तुमीच फोटो पाठवला. माझ्या फोनात आला होता. मी कोणाले दाखवला नाही, खरं सांगते."

मी तिच्या हातचा फोन घेऊन पाहिला. मीच होती. सांदवाडीत, पाटावर, मागे आमच्या जांभेचं झाड आणि वाळत घातलेली साडी. पदर अंगावर घेतलेला असून बी मले पदर नसल्यासारखं झालं. सोनिका काही तरी बोलून राहिली होती, ते मले ऐकू नाही आलं. एवढंच समजलं की हिच्या फोनात आहे तर बाकीच्यायच्या बी असन.

घरी येऊन मी रीनाच्या बाबावर अशी बरसली की शेजारची निर्मलाबाई भांडे घासता घासता थांबून ऐकाले लागली. त्या बिचाऱ्यायनं फोन काढला आणि फोटो मिटवला. मी सोनिकाकडे पळत गेली, तिच्या बी फोनमधून गेलेला. मले वाटलं, चला, सुटलो. तर बाजाराच्या दिवशी पाहतो तर परत हजर. पुन्हा मिटवला. पुन्हा दोन-चार दिवसांनी आला. मी फोनले हात लावाले भ्यायची. तो डब्बा मी पिठाच्या कोठीवर उलटा ठेवून देत होती.

आम्ही दोघं भैयाजीकडे गेलो. मी दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकायले बाहेर जा म्हटलं, आणि गेले बी, माझं तोंड पाहूनच गेले असतील. भैयाजीनं पाहिला फोटो आणि मान खाली घातली. त्यानं दुकानातल्या कंप्युटरवरून मिटवला आणि मंग खरं काय ते सांगतलं. "भाभीजी, किसी ने ये फोटो ग्रुप में डाल दिया है. ग्रुप से जिसके फोन में उतरा, उसका फोन अपने आप आयडी में फिर चढ़ा देता है. मैं यहाँ से निकालूँगा, वहाँ से फिर आ जाएगा."

"कोणाच्या फोनमधून चढून राहिला?"

"वो नहीं पता चलता. आयडी एक है ना. सबका माल एक ही गोदाम में."

मी विचारलं, मंग करावं काय. तो म्हणे, ज्याच्या ज्याच्या फोनमध्ये ही आयडी आहे, तो प्रत्येक फोन इथे आणून आयडी काढावी लागेल, नाही तर ग्रुपातला फोटो ज्यानं त्यानं आपल्या हातानं मिटवावा. अर्ध्या तालुक्याचे फोन कोण आणणार तिथे. पण गावातले तरी आणू, असं मी ठरवलं. मी अशी नाही की घरात तोंड लपवून बसीन.

आणि मी घरोघरी निघाली. आता याच्यातलं दुखणं समजा. फोटो काढा म्हणाचं तर कोणता ते सांगावं लागे. अर्ध्या लोकायनं तो पाहिलाच नव्हता. त्यायले माहीतच नव्हतं. माझ्या तोंडून ऐकलं की मंग फोन काढून पाहाले लागत, "कोणता जी? हा काय? नाही? मंग हा काय?" मी समोर उभी, आणि ते बोटानं सरकवून राहिले. एक पोरगा तर मायले हाक मारून म्हणे, "माय, दुर्गाकाकूचा सापडला." भल्या मनानं म्हणे, शोधून देल्यासारखं. मी जेवढे दरवाजे हिंडली तेवढ्या लोकायनं तो नव्यानं पाहिला. आणि आयडी काढाले तिरोड्याले चला म्हटलं तर कोणी तयार नाही. "मंग आमचे नंबर जातील ना जी." साऱ्यायचं तेच.

दुलारीबाईकडे बी गेली. ती ओसरीत फोन घेऊन बसली होती. मी सांगतलं तर म्हणे, "मी कायले पाहीन वो दुसऱ्याचे फोटो? मले एक टिकेशचं लावता येते आणि बंद करता येते. बाकी मी काही उघडत नाही." मंग माझ्याकडे पाहून विचारलं, "दुखते काय अजून?" पुऱ्या गावात हे विचारणारी ती एकटी. मी रडली तिथे. घरी नाही रडली, पण तिथे रडली.

शेवटी आम्ही तंटामुक्तीकडे गेलो. मनीरामजी अध्यक्ष आहेत, चांगला माणूस, कोणाचं खाल्लं नाही कोणाचं दाबलं नाही. त्यायनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणे, "बाई, तक्रार घेतो. पण समितीसमोर वस्तू ठेवावी लागन. काय फोटो आहे ते पाहिल्याशिवाय समिती निर्णय कसा देईन?" समिती म्हणजे अकरा माणसं, त्यात बाया दोनच. मी उठून उभी झाली. म्हटलं, "राहू द्या जी मनीरामजी. तुमचा निर्णय मले समजला." रीनाचे बाबा मागून येऊन राहिले होते, त्यायले चालवत नव्हतं. ऑपरेशन माझं झालं आणि वाकले ते.

बोरिंगवर जाणं मी सोडलं. रविवारी विहारात वंदनेले जाणं सोडलं. कोणी फोन हातात घेऊन हासलं तरी मले वाटे, माझ्यावरच हासून राहिलं. खरंच हासत असतील की नाही, देव जाणे म्हणावं तर आम्ही देव बी मानत नाही. कोणाले विचाराचं. रीनाचा फोन यायचा, "माय, आवाज असा काऊन येते?" मी म्हणायची, सर्दी आहे. तिच्या सासूचा फोन बी भैयाजीच्याच दुकानातला होता. आम्हीच घेऊन देला होता लग्नात, मानाचा म्हणून. ज्या दिवशी हे माझ्या ध्यानात आलं त्या दिवशी मी चूल पेटवली नाही. सरळ तिरोड्याची गाडी पकडली, एकटीनं.

भैयाजी जेवून राहिला होता. मी म्हटलं, "जेवा आधी. मी बसते." तो डब्बा बंद करून आला.

"ही आयडीच मिटवून टाका," मी म्हटलं. "गोदामच नाही राहिलं तर माल कुठी चढन?"

तो म्हणे, "भाभीजी, सबके नंबर उड़ जाएंगे. लोग मेरी दुकान पर आ जाएंगे."

"येऊ द्या. माझ्या घरावर आलं तेव्हा तुमी कुठी होते? नाही मिटवत तर मी इथून ठाण्यात जाते, आणि तिथे बी मले तो फोटो टेबलावर ठेवावा लागन, तर ठेवते. आता काय राहिलं आहे."

तो कंप्युटरसमोर जाऊन बसला. मंग माझ्या मनात आलं ते मी विचारलं. म्हटलं, "दुलारीबाईच्या फोनमध्ये टिकेशचे फोटो आहेत. त्याले धक्का नाही ना लागत? लागत असन तर आधी सांगा." असं मी विचारलं, हे मी आज बी कोणासमोर सांगीन. भैयाजी म्हणे, "नहीं नहीं. जो जिसके फोन में है, वो उसके फोन में रहेगा. सिर्फ नंबर की झंझट होगी." त्याले बी तसंच वाटत होतं. दुकान मोबाईलचं असलं तरी आतल्या गोष्टी त्याले आमच्याएवढ्याच माहीत होत्या. त्यानं एक बटण दाबलं, मंग दुसरं, मंग पासवर्ड टाकला. कंप्युटरनं परत विचारलं असन, पक्कं काय म्हणून, कारण तो माझ्याकडे वळून पाहाले लागला. मी मान हालवली. त्यानं दाबलं.

घरी येईपर्यंत रीनाच्या बाबाच्या फोनातून सारं गेलेलं. नंबर गेले, परक्यायचे बैल गेले, बारशे गेले, मी बी गेली. कितीक महिन्यानं मी पोटभर जेवली. मिरचीचा ठेचा मागून घेतला. रीनाच्या बाबानं विचारलं, "झालं ना आता?" मी म्हटलं, "झालं." त्या एका रात्री मले झोप लागली.

सकाळी मी अंगणात सडा टाकून राहिली होती तर दुलारीबाई आली. चप्पल नाही पायात. पवार मोहल्ल्यातून आमच्या मोहल्ल्यापर्यंत ती अनवाणी आली होती, फोन दोन्ही हातात धरून. म्हणे, "दुर्गा, हे पाह्य ना वो जरा. टिकेश नाही दिसून राहिला. माझ्या बोटानं काही दाबलं गेलं काय?"

मी फोन घेतला. काही नव्हतं त्यात. ती दाखवत होती, इथे होता, इथे दाबलं की यायचा. मी तिथे दाबलं, इकडे दाबलं, तिकडे दाबलं. टिकेशचा फोन तर सडकेवर त्याच दिवशी फुटला होता. तिच्या फोनमध्ये जे दिसत होतं ते आयडीतलं होतं, जसा सोनिकाच्या फोनमध्ये माझा फोटो आयडीतला होता. हे मले तेव्हा उभ्या उभ्या समजलं. माझ्या फोटोपायी जे गोदाम जाळलं, टिकेश त्याच गोदामात होता. मी शेणाची बालदी बाजूले सारली.

मी तिले सांगतलं. लपवलं नाही. भैयाजीनं काय म्हटलं ते बी सांगतलं. मले वाटलं, ही आता मले शिव्या देईन, आणि द्याव्या असंच वाटत होतं. ती म्हणे, "मंग चल ना भैयाजीकडे. मिटवलं त्यानं, तर परत बी करन." एवढं साधं होतं तिच्यासाठी.

आम्ही गेलो. दुकानासमोर लोकायची गर्दी, नंबर गेले म्हणून बोंबलून राहिलेले. भैयाजीनं दुलारीबाईले पाहिलं आणि साऱ्यायले सोडून कंप्युटरवर बसला. आयडी परत मागितली. कंप्युटर म्हणे, तुमच्या जुन्या मोबाईल नंबरवर आकडा पाठवतो, तो टाका. तो नंबर भैयाजीनं आयडी करताना टाकलेला, आणि ती सिम त्यानं कधीची फेकून देली होती, अशा कितीक सिमा त्याच्या हातून गेल्या. त्यानं नंबर लावून पाहिला. छत्तीसगडातला कोणी माणूस बोलला आणि आकडा विचारला तर चोर समजून फोन ठेवून देला. मंग कंप्युटरनं दुसरं काही काही विचारलं, त्याचे उत्तरं भैयाजीनं देले, आणि दर वेळेस एकच पाटी येत होती. मी विचारलं काय म्हणते. तो म्हणे, "बोल रहा है, ये आयडी आपकी है, ऐसा हमको नहीं लगता." स्वतःच्या दुकानाचं नाव असलेल्या आयडीसमोर तो माणूस घामाघूम होऊन बसला होता. मले त्याचा राग बी येईना.

नागपुरात माझा भाचा रत्नपाल कंप्युटरचं काम करते. त्याले फोन लावला. सारं ऐकून तो म्हणे, "आत्या, आधी काऊन नाही विचारलं? आधी ते फोटो खाली उतरवून घेतले असते, मंग मिटवलं असतं. पाच मिनटाचं काम होतं." मी म्हटलं, "आता सांग." तो म्हणे, "आता कोणी तो व्हिडिओ आपल्या फोनमध्ये वेगळा सेव्ह केला असन तरच. नाही तर गेला." दुलारीबाई बाजूलेच होती. तिनं मले विचारलं, "काय म्हणते?" मी म्हटलं, "म्हणते, कोणाकडे तरी असन."

मंग मी दुलारीबाईले घेऊन पुन्हा घरोघरी निघाली. तेच दरवाजे. मागच्या वेळेस काढा म्हणाले गेली होती, आता आहे काय विचाराले. लोक आधी मलेच पाहून बिचकत. मी म्हणायची, "माझ्यासाठी नाही आली. टिकेशचा व्हिडिओ कोणी ठेवला काय, रोवण्याचा?" साऱ्यायनं पाहिला होता तो. "हो जी, तो हासते तो ना? चांगला होता." पण ठेवला कोणीच नाही. कायले ठेवतील, आपल्या फोनमध्ये आहेच असं समजत होते. सोनिकानं बी नाही ठेवला. ती चुलीपाशी बसून रडली आणि दुलारीबाईच तिले म्हणे, "रडू नको, अजून घरं राहिली आहेत."

मनीरामजीचा नातू टिकेशसंग क्रिकेट खेळत असे, म्हणून त्यायच्याकडे आशा होती. आम्ही अंगणात खाटेवर बसलो, मधात तो, एका बाजूले मी, एका बाजूले दुलारीबाई. त्यानं फोनात वेगळा सेव्ह केलेला आपला ठेवा उघडला. त्या पोरायच्या ग्रुपात आलेलं सारं त्यात होतं. तो बोटानं सरकवून राहिला. गाड्या, नट-नट्या, मॅचचे कप, शुभ सकाळ. दुलारीबाई फोनजवळ तोंड नेऊन पाहून राहिली होती, तिले दुरून दिसत नाही. आणि एका जागी त्या पोराचं बोट लवकर सरकलं. मी पाहिलं. पाट, जांभ, वाळत घातलेली साडी. पोरगा कानापर्यंत लाल झाला. मनीरामजी दारात उभे होते, ते आत निघून गेले.

म्हणजे मी आहेच. आयडी गेली, गोदाम गेलं, टिकेश गेला, आणि मी तशीच आहे इथे. या घरी आहे म्हणजे अजून किती घरी असन, ते कोण मोजणार.

दुलारीबाईनं पोराचा हात धरला. "थांब, थांब. मागे घे," ती म्हणे. "तिथे कोणी तरी होतं बसलेलं. हिरवं होतं मागे. बांधीवानीच दिसलं. टिकेश होता काय तो?"

पोरगा हालेना. खाली मान घालून बसला, बोट तसंच अधांतरी. दुलारीबाई माझ्याकडे पाहाले लागली, डोळ्यात अशी आशा की मले पाहवलं नाही. म्हणे, "दुर्गा, सांग ना याले मागे घेवाले. तू पाहिलं ना? कोण होतं ते?"

मी म्हटलं, "मी होती, दुलारीबाई." आणि पोराले म्हटलं, "घे बेटा पुढे. अजून पाहू."